पंख्याचं कपाळ

पार्किंगमध्ये एकतीस दुचाक्या होत्या, अकरा मोटारी, मुलांच्या सहा सायकली (त्यांतल्या दोन बिनसीटच्या), गेल्या गणपतीच्या मांडवाचे सात बांबू आणि कोपऱ्यातल्या खांबाला लागून जर्मन. वल्लरीनं जर्मन वेगळी मोजली, कारण सोसायटीतलं कुणीच तिला मोटारींत धरत नसे. १९८३ सालची, सहा सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी, ताकाच्या रंगाची ती गाडी. कोथरूडच्या त्या गल्लीत रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक म्हणत, "जर्मन उभी असते ना, ती इमारत."

बॉनेट उचलून तिनं पुढं मोजलं. पंख्याला पाती नऊ, तडा एकालाही नाही. पट्टे दोन, दोन्ही नीट ताणलेले. गळती कुठंच नाही. गाडी बंद असताना वरच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत आवाज ४६ डेसिबल. गाडी चढणीवरून फाटकाकडं जाताना त्याच खिडकीत ७४.

शेवटच्या दोन आकड्यांवर सगळं अडलं होतं, कारण ती खिडकी हेमाताईंची होती.

हेमाताई सोसायटीच्या सेक्रेटरी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. सकाळी साडेसहा ते आठ हीच त्यांची वेळ, कारण त्यानंतर गल्लीत भाजीवाले, शाळांच्या बस आणि डबा विसरलेल्या मुलांच्या आया सुरू व्हायच्या. आणि वल्लरीचे शरच्चंद्रकाका रोज सकाळी सातला जर्मन चालू करून पाच-दहा मिनिटं गरम करायचे. रविवारी तर काकूंना घेऊन खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचे. सोसायटीच्या बैठकीत हेमाताईंनी मोबाईलवर आपलं मुद्रण सगळ्यांना ऐकवलं. "पेशीच्या केंद्रकात," एवढे दोन शब्द स्वच्छ आले. मग खालून जी घरघर उठली, तिच्यात केंद्रकात काय असतं ते कुणालाच कळलं नाही.

"बारावीच्या मुलानं परीक्षेत काय लिहायचं?" हेमाताईंनी विचारलं. "केंद्रकात विमान असतं?"

लोक हसले. काका हसले नाहीत. ठराव झाला : येत्या रविवारपर्यंत आवाज बंद, नाहीतर गाडी सोसायटीबाहेर.

बाहेर म्हणजे कुठं, हे ठरावात नव्हतं. गल्लीत स्कूटर लावायला जागा मिळत नव्हती. काका जलसंपदा खात्यात आयुष्यभर पाण्याची पातळी मोजत आलेले, अडचणीची पातळी त्यांना लगेच कळली. घरी आल्यावर त्यांनी इंद्रजीतला फोन लावला. इंद्रजीत बाणेरचा. त्याच्या आजोबांच्या उसाच्या जागी आता अठरा मजली इमारती होत्या, पण एक तुकडा त्यानं राखला होता आणि त्यावर शेड टाकून जुन्या गाड्या पाळल्या होत्या. जर्मनवर त्याचा डोळा फार दिवसांचा.

"रविवारी सकाळी ये," काका एवढंच म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

स्वयंपाकघरात काकू, म्हणजे शकूकाकू, मटार सोलत होत्या. वल्लरी समोर बसून सोलू लागली.

"एवढं काय त्या गाडीत?" तिनं विचारलं. "इंद्रजीतकडं ती सुखात राहील."

"गाडी राहील गं." काकूंनी शेंग उघडली, दाणे काढले, साल बाजूला ठेवली. "हे गाडीत बोलतात. घरी पेपर वाचतात. धायरीचा फाटा मागे पडला की यांचं तोंड उघडतं, ते परत फाटा येईपर्यंत. कॉलेजातलं, धरणावरचं, काय काय. आठवड्याचं बोलणं मला रविवारी मिळतं."

वल्लरी या घरात एम. एस्सी.साठी राहायला आली होती. पदवी मिळाली, आवाज मोजणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, तरी ती इथंच राहिली. काका घरात किती बोलतात हे तिला ठाऊक होतं. तिनं सोललेले मटार काकूंच्या पातेल्यात ओतले.

"रविवारपर्यंत मी शोधते," ती म्हणाली.

"मिस्त्रीला नाही सापडलं ते?"

"मिस्त्रीनं शोधलंच नाही. त्यानं ऐकलं आणि मान हलवली. जे मोजता येतं ते शोधता येतं, काकू."

"बरं," काकू म्हणाल्या. "आधी हे मटार किती झाले ते मोज. उसळीला पुरतील का सांग."

*

कुठलं यंत्र ओरडतंय हे वल्लरीला पहिल्याच सकाळी कळलं. आवाजाची पट्टी इंजिनाच्या वेगाबरोबर चढत होती आणि नऊ पात्यांच्या हिशेबात बसत होती. ओरडत होता तो पंखा. पण अशा गाडीत पंखा इंजिनाला थेट जोडलेला नसतो. मध्ये पोळीच्या डब्याच्या झाकणाएवढी एक बंद डबी असते, तिला पंख्याचा क्लच म्हणतात. तिच्यात एकमेकींना न टेकणाऱ्या दोन चकत्या आणि एक दाट तेल.

"दोन ताटल्यांमध्ये काकवी सांडली समजा," तिनं संध्याकाळी काकूंना सांगितलं. "वरची फिरवली की खालची चिकटून फिरायला लागते. तसंच. इंजिन गार असतं तेव्हा ती काकवी मागच्या कप्प्यात जाऊन बसते, पंखा आळसात फिरतो, आवाज नाही. इंजिन तापलं की डबीच्या तोंडावरची एक पट्टी वाकते, तिच्यामागची छोटी पिन बाहेर येते, झडप उघडते, काकवी चकत्यांमध्ये येते. मग पंखा इंजिनाच्या वेगानं फिरतो आणि ओरडतो. गार झालं की पट्टी पिनेला परत आत ढकलते."

"मग आमचा काय सारखा तापलेला असतो?"

"तेच तर. गार इंजिनाला हातानं फिरवून बघितला, जड. गरम करून बंद केला, बघितला, तेवढाच जड. म्हणजे काकवी परत जातच नाहीये."

हॉलमधून पेपरमागून काका म्हणाले, "इंद्रजीत फोनवर हेच म्हणाला. जाम आहे."

वल्लरीनं इंद्रजीतला फोन लावला. त्यानं आवाज ऐकला होता आणि निदान बरोबर केलं होतं.

"क्लच जाम हाय ताई. नवीन परदेशातनं मागवावा लागंल, दोन म्हैने तरी धरा."

"जाम आहे हे मलाही दिसलं. का जाम झालाय?"

"का म्हंजे? चाळीस वर्सांची गाडी. वय झालं."

"वय हे कारण नसतं. ते नुसतं माप आहे."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "बरं बरं. तुमी कारण शोधा, मी रविवारी गाडी न्यायला येतो. दोघांचं काम व्हईल."

*

कधीपासून बिघडलं, हे कळलं तर का बिघडलं ते कळायची शक्यता होती. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "हळूहळू." वल्लरीचा हळूहळूवर विश्वास नव्हता. पण ज्या इमारतीत रोज सकाळी एक माईक चालू असतो, तिथं जर्मनच्या प्रत्येक सकाळची नोंद असणारच. ती वर गेली आणि तिनं हेमाताईंची बेल वाजवली.

हेमाताईंनी दार अर्धं उघडलं. "काय मोडायचं राहिलंय अजून?"

"तुमची जुनी मुद्रणं ऐकायची होती. न कापलेली, सकाळी सातची. गणपतीपासूनची."

"आरोपीच्या वकिलानं पुरावा मागायला यावं, हे मी पहिल्यांदाच बघतेय." पण दार पूर्ण उघडलं गेलं. "चपला बाहेर. आणि चहा मिळणार नाही, माझी वेळ झालेली नाही."

हेमाताईंच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर माईक, माईकमागं घडी घातलेल्या दोन रजया टांगलेल्या. शिस्त वल्लरीला आवडली. प्रत्येक मुद्रणाला तारीख होती. ती इअरफोन लावून बसली आणि एकेक सकाळ ऐकू लागली. सप्टेंबरात सातला घरघर सुरू व्हायची, हेमाताई वाचता वाचता थांबायच्या, आणि दीडेक मिनिटात कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा आवाज बसायचा. पुन्हा वाचन सुरू. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही तसंच. मग एक सकाळ आली जिच्यात दार लोटलंच गेलं नाही. तिच्यानंतरच्या एकाही सकाळी नाही.

वल्लरीनं इअरफोन काढून हेमाताईंना दिले. "ही आधीची. आणि ही."

हेमाताईंनी दोन्ही ऐकलं. मास्तरिणीला आपणच दिलेलं उत्तर चुकलेलं सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला. "खरं की. पूर्वी मी पाणी पिऊन पान उलटायचे, तोवर संपायचं. म्हणून तर इतकी वर्षं तक्रार केली नव्हती." त्यांनी तारीख पाहिली. "हा तर दसऱ्याचा दुसरा दिवस."

"म्हणजे हळूहळू नाही," वल्लरी म्हणाली. "एका दिवसात."

मग दोघींनी अट ठरवली, कारण 'आवाज बंद' हा शब्द वल्लरीला मोजता येत नव्हता. रात्रभर उभ्या गाडीत थोडं तेल चकत्यांमध्ये उतरतंच, ते मागं जायला वेळ लागतो. तेव्हा चालू केल्यापासून दोन मिनिटं माफ. त्यानंतर चढणीवर लागतो तेवढा वेग देऊन, याच खिडकीत, काचा उघड्या ठेवून, साठ डेसिबलच्या आत.

"साठ मी रजयांनी सांभाळीन," हेमाताई म्हणाल्या. "दोन मिनिटांत तुळशीला पाणी घालून होतं. पण एकसष्ट आलं, तर गाडी बाणेरला. मी शब्दाची पक्की आहे."

"मी आकड्याची," वल्लरी म्हणाली.

चहा त्यानंतर मिळाला.

*

"दसऱ्याला गाडीचं काय केलंत?"

"काही नाही," काका म्हणाले.

"काही तरी."

"धुतली. पूजा केली. सोनं द्यायला शनिवारात ताईकडं गेलो. परत येताना मंडईपाशी गर्दीत अडकलो, अर्धा तास तरी जागेवर होतो, तापमानाचा काटा चढला होता. घरी आलो, लावली. तेल नाही बदललं, पट्टा नाही बदलला. कुणी हात लावला नाही."

वल्लरी बॅटरी आणि काकूंचा हातातला आरसा घेऊन खाली गेली. रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट. आरसा तिरपा धरून तिनं डबीच्या तोंडावर उजेड पाडला. पट्टी असायला हवी तिथं काळपट, खरबरीत पोपडा होता. ग्रीस असेल म्हणून तिनं नखानं खरवडलं. खाली लाल निघालं. त्याखाली पिवळं. तिनं नख नाकाशी नेलं. ग्रीसचा वास नव्हता. ज्या वासाची आठवण आली त्याचा गॅरेजशी काही संबंधच नव्हता. तो देवघरातला, करंड्याचा वास होता.

ती उभी राहिली. 'पूजा केली' हे काकांनी 'काही नाही'मध्ये धरलं होतं.

वर काकू देवापाशी वाती वळत होत्या. वल्लरी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"काकू, दसऱ्याला गाडीला कुंकू कुठं लावता?"

"कपाळाला."

"गाडीचं कपाळ कुठं असतं?"

"बॉनेट म्हणजे नुसता पत्रा. चेहरा आत असतो. मधोमध तो गोल नाही का, पंख्याच्या बरोबर मध्ये? पहिल्या वर्षापासून तिथंच लावते. हात जातो माझा, बारीक आहे."

"आणि ते राहतं?"

"पूर्वी नाही राहायचं. गाडी चालू केली की सगळं कुंकू भुर्रकन उडून यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. दरवर्षी दसऱ्याला हे होळी खेळल्यासारखे. म्हणून या वर्षी आधी मेण लावलं." काकूंनी करंडा उघडून छोटी डबी दाखवली. "माझी आई मेण लावूनच कुंकू लावायची. वाऱ्यावादळात हलायचं नाही. या वर्षी बघ, सदरा स्वच्छ."

वल्लरी त्या डबीतल्या मेणाकडं बघत राहिली. सगळं एकाच वेळी जागेवर बसलं आणि इतकं नेमकं बसलं की तिला एकदम हसू आलं. मेण साधारण त्रेसष्ट अंशांना वितळतं. मंडईपाशी इंजिन तापलं, पट्टी वाकली, पिन बाहेर आली, झडप उघडली. त्याच उष्णतेनं मेण पातळ झालं आणि कुंकू, हळद, धूळ घेऊन पिनेच्या भोकात उतरलं. घरी आल्यावर गाडी गार होऊ लागली. पट्टी पिनेला आत ढकलायच्या आधी मेण थिजलं. पिन बाहेरच अडकली. तेव्हापासून पंखा रात्रंदिवस जोडलेला, आणि तो इतकी हवा ओढतो की त्याच्या तोंडाशी पुन्हा त्रेसष्ट अंश कधी झालेच नाहीत. मेणानं स्वतःला वितळू न देण्याची सोय स्वतःच करून ठेवली होती.

आता हे सांगायचं होतं. गोड करून सांगता आलं असतं, धूळ बसली होती म्हणून. पण तसं सांगितलं तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा मेण लागलं असतं.

तिनं सरळ सांगितलं.

काकूंच्या हातातली वात तशीच राहिली. "म्हणजे माझ्यामुळं."

"मेणामुळं."

"मेण मीच लावलं ना?" त्या उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागल्याचा आवाज झाला. वल्लरीला वाटलं, अजिबात हसायला नको होतं. हॉलमध्ये काकांनी पेपर खाली घेतला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि काय बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं, कारण ते घरात होते.

काकू बाहेर आल्या त्या साडीचा पदर खोचून. एका हातात जुनं मलमलीचं फडकं, दुसऱ्या हातात वल्लरीचा केस वाळवायचा ड्रायर.

"मी लावलं, मी काढीन," त्या म्हणाल्या. "तू फक्त किती अंश ते सांग. अहो, बॅटरी धरायला चला. पेपर काही उडून जात नाही."

पार्किंगच्या प्लगला कुलूप होतं. सोसायटीची वीज खासगी कामाला वापरू नये, असा ठराव होता आणि तो हेमाताईंनीच करवून घेतला होता. तिघं खाली उभी राहून वायरकडं बघत असताना वरची खिडकी उघडली.

"सोसायटीची वीज मिळणार नाही," हेमाताई म्हणाल्या. मग खिडकीतून एक लांब पांढरी वायर हळूहळू खाली उतरली. "ही माझी आहे. आणि कुंभमेळ्यासारखी गर्दी करू नका, एकीनं काम करा."

काकूंचा हात खरंच बारीक होता, थेट पट्टीपर्यंत गेला. वल्लरीनं ड्रायर धरला आणि थर्मामीटरची सुई पट्टीशी टेकवली. पन्नास, अठ्ठावन्न, चौसष्ट. पोपड्याची कड चकाकली, ओली झाली, लाल थेंब ओघळला. काकूंनी तो टिपला. फडकं लाल झालं, पिवळं झालं, मग काळं. तीनदा तापवलं, तीनदा पुसलं. शेवटी पितळी पट्टी स्वच्छ दिसली. वल्लरीनं ड्रायर बंद केला. तिघंही थांबली. हवा गार होत गेली आणि एका क्षणी पट्टीखालून, नख मोडावं एवढा, 'टक' असा आवाज आला.

"गेली आत," वल्लरी म्हणाली.

"कोण?" काकांनी विचारलं.

"पिन, अहो," काकू म्हणाल्या. "लक्ष कुठं असतं तुमचं?"

*

रविवारी इंद्रजीत गाडी पाठीवर चढवून न्यायचा लांब ट्रक घेऊन आला. त्यानं तो फाटकाबाहेर लावला, जर्मनभोवती एक फेरी मारली आणि टपावरून हात फिरवला.

"साहेब, आजून पक्कं ना?"

"वल्लरीला विचार," काका म्हणाले.

वल्लरी वर हेमाताईंच्या खिडकीत होती. हातात कंपनीचा मीटर. आदल्या दिवशी तिनं तो तपासून आणला होता, कारण आज त्याच्यावर कुणी शंका घ्यायला नको होती. हेमाताई तांब्या घेऊन तुळशीपाशी उभ्या होत्या. खाली पुढच्या सीटवर काकू बसल्या, मांडीवर थर्मास आणि डबा. निकाल काहीही लागो, तयारी खडकवासल्याची होती.

"चालू करा!" वल्लरीनं हाक दिली.

जर्मन सुरू झाली. पंखा ओरडला, अगदी पूर्वीसारखा. इंद्रजीतनं वर बघितलं आणि खांदे उडवले. काकांनी आरशातून खिडकीकडं पाहिलं. एक मिनिट झालं. हेमाताई पाणी घालत होत्या, फार हळू. तांब्या रिकामा झाला तरी त्यांनी तो तिरपाच धरून ठेवला.

"वेळ चाललीय," त्या म्हणाल्या.

"चालू दे," वल्लरी म्हणाली. तिची नजर घड्याळावर होती, कान खाली. तेलाला किती वेळ लागतो हे सप्टेंबरातल्या सगळ्या सकाळी तिला सांगून गेल्या होत्या.

आणि मग, दीड मिनिट सरून थोडं पुढं गेल्यावर, कुणीतरी दार लोटून घेतलं.

पार्किंगमध्ये नुसतं इंजिन उरलं, सहा सिलिंडरांचं, एकसंध. इंद्रजीतनं टपावरचा हात काढून घेतला. "आयला," तो म्हणाला, आणि हसला, मनापासून. "कारण काय निघालं ताई?"

"कुंकू!" काकूंनी गाडीतून सांगितलं. "पुढच्या वर्षी हेडलाइटला लावणार आहे. कोरडं. सदरा यांनी धुवायचा."

हेमाताईंनी तांब्या खाली ठेवला आणि मीटरपाशी येऊन उभ्या राहिल्या. चष्मा लावला. "मला दिसेल असा धर. आणि वेग पूर्ण द्यायला सांग, चढणीएवढा. सूट नाही."

वल्लरीनं हात वर केला. काकांनी पाय दाबला आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांवर धरून ठेवला.

पहिल्या मजल्याची खिडकी, काचा उघड्या, चालू केल्यापासून दोन मिनिटं दहा सेकंद : ५७.६ डेसिबल.